वरचे सूर टोचतात, खालचे घुमतात: डिजिटल पियानो आपल्या हाताला आणि कानाला कसा लावून घ्यावा?

प्रश्न: माझं वय ६३. लहानपणी पाच-सहा वर्षं पियानो शिकलो होतो, निवृत्तीनंतर पुन्हा हात घातला. आठ महिन्यांपूर्वी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. उजवीकडचे सूर कानाला टोचतात, डावीकडचे घुमत राहतात. हळू वाजवलं तर सूर जेमतेम ऐकू येतो आणि जरासा जोर लावला की अंगावर येतो. अर्ध्या तासात बोटं दुखू लागतात. हेडफोन लावले की वेगळंच वाद्य वाजवतोय असं वाटतं. मुलगी म्हणते, आवाज छान आहे. गेल्या वर्षी कानांची तपासणी झाली, तेव्हा उंच स्वर कमी ऐकू येतात असं निघालं. श्रवणयंत्र घेतलं आहे, पण ते लावून वाजवलं की लांबलेले सूर थरथरतात, म्हणून पियानोला बसताना काढून ठेवतो. मेनूत टच, व्हॉइसिंग, ब्रिलियन्स, रिव्हर्ब, रेझोनन्स असं पुष्कळ काही आहे. सगळं फिरवून पाहिलं, आता मुळात आवाज कसा होता तेही आठवत नाही. वाद्य बदलावं का?
– एक वाचक

उत्तर: वाद्य आत्ताच बदलू नका. तुमची प्रत्येक तक्रार खरी आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी पियानोच्या सुराच्या नाहीतच. बोटाचा जोर आणि व्हॉल्यूम यांचा मेळ बसलेला नाही, तिथून त्या सुरू होतात. बाकीच्या खोलीच्या आणि कानांच्या आहेत. ब्रिलियन्स, म्हणजे आवाजाची चमक, फिरवून यातलं काहीच सुटत नाही, म्हणून तुमच्या हाती काही लागलं नाही. आधी वाद्य मूळ स्थितीत आणा, मग त्याची जागा ठरवा, मग व्हॉल्यूम आणि टच, त्यानंतर आवाजाचा रंग, आणि कानांसाठीचे बदल सगळ्यांत शेवटी. हा क्रम चुकला की एक चूक झाकायला दुसरी करत बसावं लागतं.

मूळ स्थितीत आणायला मेनूत 'फॅक्टरी रीसेट' असतं. काही मॉडेलांत ठरावीक पट्टी दाबून धरून वाद्य चालू करावं लागतं, ती कोणती हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. रीसेटमुळे आत साठवलेली रेकॉर्डिंगं काही वाद्यांत पुसली जातात, तेव्हा हवी असतील ती आधी पेन ड्राइव्हवर काढून घ्या. मग एक वही करा. तारीख, काय बदललं, आधी किती होतं, नंतर किती केलं, एवढं लिहिलं तरी पुरे. आठ महिन्यांच्या गोंधळाचं कारण ही वही नसणं हेच आहे.

तपासताना तीन पथ्यं पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ती बदलताना आधी पार टोकाला नेऊन ऐका, म्हणजे ती नेमकं काय करते ते कानाला कळतं. मग अर्ध्यावर आणा, मग पाव-पाव पायरीने. दुसरं, दोन आवाजांची तुलना करताना दोन्ही सारख्याच मोठ्याने वाजले पाहिजेत. थोडा मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो, आणि ब्रिलियन्स वाढवलं की आवाजही किंचित मोठा होतो. त्यामुळे 'ब्राइट' जिंकतं, आणि दोन दिवसांनी तेच टोचायला लागतं. तिसरं पथ्य कानांच्या थकव्याचं. पंधरा-वीस मिनिटांत कान कोणत्याही आवाजाला सरावतात, मग त्यांचा कौल भरवशाचा राहत नाही. ठरवलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानांनी ऐकूनच कायम करा.

आता जागा. पियानो भिंतीला अगदी चिकटून असेल तर खर्ज फुगतो, कोपऱ्यात असेल तर आणखी फुगतो, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे स्वर परतवतात. पाठ भिंतीपासून साधारण १५ सेंटिमीटर पुढे आणा, कोपऱ्यातून बाहेर काढा आणि सर्वांत खालचं सप्तक एकेका पट्टीने, एकाच जोराने वाजवत जा. सगळंच सप्तक जड वाटलं तर वाद्य आणखी पुढे घ्या. एखाददुसराच स्वर शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा घुमत असेल, तर तो खोलीचा स्वर आहे. खोलीची लांबी ४ मीटर असेल तर तिचा स्वतःचा सर्वांत खालचा घुमारा ४३ हर्ट्झच्या (सेकंदाला ४३ कंपनांच्या) आसपास येतो आणि पियानोवरचा सर्वांत खालचा एफ हा स्वर नेमका तिथेच, ४३.७ हर्ट्झला आहे. लांबी ३ मीटर असेल तर घुमारा ५७ हर्ट्झला जातो आणि त्या एफच्या वरच्या ए शार्पला डिवचतो. अशा वेळी मेनूतून सगळा खर्ज कमी केला तर दोन स्वरांच्या गुन्ह्यासाठी पूर्ण सप्तकाला शिक्षा होते. त्याऐवजी वाद्य आणि बैठक मिळून ३० सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवून पाहा. फरक आश्चर्य वाटण्याइतका पडतो.

बऱ्याच सुटसुटीत पियानोंचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात. असं वाद्य टेबलावर ठेवलं आणि खाली जाड कापड असलं, तर वरचे स्वर त्यात मुरतात आणि आवाज बोदा होतो. टेबल उघडं आणि गुळगुळीत असलं तर तेच स्वर आपटून वर येतात आणि काचेसारखे लागतात. तुमचे टोचणारे सूर त्यामुळेही असू शकतात. खाली पातळ सतरंजीसारखं काहीतरी घालून एकदा ऐका, मग वाद्य मोकळ्या स्टँडवर ठेवून ऐका. एखाद्या स्वराला झणझण आवाज येत असेल तर तोच स्वर हेडफोनवर वाजवा. तिथे झणझण नसेल तर कपाटाची काच, फोटोची चौकट किंवा पियानोवर ठेवलेली पेन्सिल थरथरते आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, इथे जरा सावकाश जायला हवं.

डिजिटल पियानोला तुमचा जोर कळत नाही, वेग कळतो. प्रत्येक पट्टीखाली दोन किंवा तीन संपर्क असतात. पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, त्या प्रवासात पहिला संपर्क जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, ते वाद्य मोजतं. वेळ कमी म्हणजे वेग जास्त. या वेगाला १ ते १२७ मधला एक आकडा मिळतो. आकडा वाढतो तसा आवाज मोठा होतो, आणि त्याचबरोबर आवाजाचा रंगही बदलतो. खऱ्या पियानोत हातोडी हळू आली तर सूर मऊ, गोल निघतो, आणि जोरात आली तर धातूची धार घेऊन येतो. ते उतरवण्यासाठी वाद्यात एकाच पट्टीची हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी ध्वनिमुद्रणं असतात किंवा त्याचं गणिती अनुकरण असतं. 'टच' ही मेनूतली गोष्ट म्हणजे वेगाचा कोणता आकडा किती मोठ्या आणि किती धारदार आवाजाला जोडायचा, हे ठरवणारं कोष्टक. पट्टीचं वजन त्याने एका ग्रॅमनेही बदलत नाही.

आता तुमचं काय होतंय ते पाहा. व्हॉल्यूमचं बटण खाली आहे, बहुधा घरच्यांना त्रास नको म्हणून. हळू वाजवलेला सूर ऐकू येत नाही, म्हणून बोटं नकळत पट्टीवर आपटतात. आपटली की वेगाचा आकडा शंभराच्या पुढे जातो आणि वाद्य धारदार ध्वनिमुद्रण काढतं. व्हॉल्यूम कमी असल्यामुळे आवाज मोठा नसतो, पण धार तीच राहते. तुम्हाला वाटतं, पियानो कर्कश आहे. मग ब्रिलियन्स कमी करता, सूर बोदे होतात, ऐकू येत नाहीत, आणि बोटं आणखी जोराने आपटतात. दुखणं तिथून येतं. डिजिटल पियानोवर आवाज मऊ हवा असेल तर व्हॉल्यूम वाढवायचा आणि हात हलका करायचा. हे उलटं वाटेल, पण करून पाहिलंत की पटेल.

व्हॉल्यूम ठरवण्याची रीत अशी. टच 'मीडियम' किंवा 'नॉर्मल' ठेवा. मधल्या सी पट्टीवर (पियानोच्या साधारण मध्यावरच्या) अगदी हळू, पण सूर उमटेल इतक्या वेगाने बोट ठेवा. तो सूर समोरच्या माणसाच्या शांत बोलण्याइतका स्वच्छ ऐकू येईपर्यंत व्हॉल्यूम वाढवा. मग तीच पट्टी पूर्ण जोराने वाजवा. तो आवाज दचकवणारा वाटला तर व्हॉल्यूम थोडासाच उतरवा, आधीच्या जागेपर्यंत नको. हे दिवसा करा, आणि घरच्यांना अडचण असेल तर सरळ हेडफोनवर करा. स्पीकरवर कुजबुजत्या व्हॉल्यूमला रोज सराव करणं हातासाठी वाईट आहे, कारण आपटायची सवय लागते आणि ती सुटायला महिने जातात.

व्हॉल्यूम बसला की टच. एकच पट्टी घ्या, अगदी हळूपासून सर्वांत जोरापर्यंत पाच पायऱ्यांत वाजवा आणि किती पायऱ्या कानाला वेगळ्या कळतात ते मोजा. हे तीन ठिकाणी करा: मधला सी, त्याच्या खालचा दुसरा सी, वरचा दुसरा सी. पाचही वेगळ्या कळल्या तर टचला हात लावू नका. पहिल्या दोन वेगळ्या कळल्या आणि पुढच्या तीन सारख्याच मोठ्या आल्या, तर वाद्य तुमच्या हाताच्या मानाने लवकर टोकाला पोचतंय, म्हणून टच एक पायरी 'हेवी'कडे न्या. पहिल्या दोन-तीन ऐकूच आल्या नाहीत आणि पूर्ण जोरातही सूर झाकलेला राहिला, तर एक पायरी 'लाइट'कडे. नावांत मात्र फसगत होते: काही कंपन्या हलक्या हाताला मोठा आवाज देणाऱ्या टचला 'सॉफ्ट' म्हणतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं आवाज मऊ येईल. नावावर जाऊ नका, पाच पायऱ्यांवर जा. 'फिक्स्ड' असाही पर्याय असतो, त्यात कसंही वाजवलं तरी आवाज एकसारखा येतो. तो ऑर्गनच्या आवाजासाठी ठीक आहे, पियानोसाठी नाही.

तुमच्या बाबतीत टचचा आणखी एक कंगोरा आहे. वयाबरोबर कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी कमी होतात, तेव्हा हळू आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच मोठे, कधीकधी जास्तच बोचरे वाटतात. 'ऐकू आलं' आणि 'सहन होईना' यांच्यातलं अंतर आक्रसतं. तुमचं 'जरासा जोर लावला की अंगावर येतो' हे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. म्हणून व्हॉल्यूम नीट करूनही ही तक्रार राहिली, तर तुम्हाला आक्रसलेल्या अंतरात बसणारा पियानो हवा. त्यासाठी टच एक पायरी 'लाइट' करा म्हणजे हळू सूर वर येतील, लगेच व्हॉल्यूम थोडा उतरवा म्हणजे मोठे सूर टोकाला जाणार नाहीत, आणि व्हॉइसिंग, म्हणजे सूर मऊ की धारदार ठेवायचा ती सोय, 'मेलो'कडे, मऊ बाजूला, न्या म्हणजे लवकर येणारी धार बोथट होईल. या तीन गोष्टी एकत्रच करायच्या, एकटी कोणतीही कामाची नाही. एका वेळी एकच बदल हे पथ्य इथे, आणि फक्त इथे, मोडायचं. हाताचे बारकावे यात थोडे कमी होतात हे खरं, पण न ऐकू येणाऱ्या बारकाव्यांपेक्षा ऐकू येणारे थोडे बारकावे कधीही चांगले.

बोटांच्या दुखण्यात बैठकीचाही वाटा असतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर असावं. बाक खाली असला की मनगट लोंबतं आणि प्रत्येक सूर बोटाच्या स्नायूंनी ढकलावा लागतो. खऱ्या पियानोची पट्टी दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन लागतं आणि वजनदार पट्ट्यांचे डिजिटल पियानो त्याच्या आसपासच बांधलेले असतात. एवढं वजन हाताच्या स्वाभाविक भारानेच खाली जातं. व्हॉल्यूम आणि बाक दुरुस्त केल्यावर दोन आठवड्यांतही दुखणं कमी झालं नाही तर मात्र हात डॉक्टरांना दाखवा.

आवाजाच्या रंगाकडे आता वळायला हरकत नाही, आणि इथे फारसं काही करावं लागणार नाही. आधी रिव्हर्ब, म्हणजे सुरामागे जोडलेली खोलीची किंवा सभागृहाची गुंज, पूर्ण बंद करा. रीसेटनंतर बऱ्याच वाद्यांत सभागृहाचा रिव्हर्ब आपोआप लागलेला असतो. विक्रीच्या दालनात तो गोड वाटतो, पण घरी, विशेषतः ऐकणं कमी झालेल्या कानांना, तो एका सुराची शेपूट दुसऱ्या सुराच्या डोक्यावर टाकतो. कोरडा आवाज दोन दिवस ऐका. उघडा-वाघडा वाटला तर सभागृहाऐवजी 'रूम' हा छोटा प्रकार घ्या आणि तो सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा.

मग डॅम्पर रेझोनन्स, म्हणजे पेडल दाबल्यावर सगळ्या तारा मिळून जी आस धरतात ती. पेडल दाबून डाव्या हाताचे चार-पाच सूर वाजवा. गढूळ झालं तर ही आस निम्मी करा. स्ट्रिंग रेझोनन्स, म्हणजे दाबून धरलेल्या पट्टीच्या तारेने दुसऱ्या सुराला दिलेला प्रतिसाद, तो आहे तसाच राहू द्या. तो फार बारीक असतो आणि वाद्याला जिवंत ठेवतो. पट्टी सोडल्याचा, पेडलचा आणि हातोडीचा खटका असे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येत असतील, तर हातोडीचा खटका किंचित वाढवून पाहा. उंच स्वर कमी ऐकणाऱ्याला सूर कुठे सुरू झाला ते त्या खटक्यावरून समजतं, आणि ताल सांभाळणं सोपं जातं.

व्हॉइसिंगमध्ये साधारणपणे मेलो, नॉर्मल, ब्राइट असे प्रकार असतात. काही ठिकाणी 'डायनॅमिक' असतो, तो हळू वाजवताना फार मऊ आणि जोरात फार धारदार होतो. तुमच्यासाठी तो नको, तुमचीच तक्रार त्याने दुप्पट होईल. कावाईच्या वाद्यांत हे सगळं 'व्हर्च्युअल टेक्निशियन' या नावाखाली सापडतं, रोलँडमध्ये 'पियानो डिझायनर'मध्ये. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत 'इंटेलिजंट अकूस्टिक कंट्रोल' असतं, तेही चालू करून पाहा. व्हॉल्यूम कमी असताना आपल्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात, हे त्या मागचं कारण. ही सोय व्हॉल्यूम कमी असेल तेव्हा दोन्ही टोकं थोडी उचलून धरते. कावाईत याच कामाला 'लो व्हॉल्यूम बॅलन्स' म्हणतात. पण भिंतीजवळ घुमण्याची तक्रार असेल तर ही सोय वाद्याची जागा बदलल्यावरच चालू करा, नाहीतर घुमणं वाढेल.

आता कान. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची आणि सर्वांत वरची ४१८६ हर्ट्झची. वयामुळे होणारी घट बहुधा ३-४ हजार हर्ट्झच्या वर सुरू होते. म्हणजे जवळजवळ सगळ्या पट्ट्यांचा मूळ सूर तुम्हाला ऐकू येतोच, कमी होते ती त्यावरची उपस्वरांची, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या त्याहून उंच बारीक सुरांची, चमक. ही चमक परत मिळवायला माणूस ट्रेबल (वरच्या स्वरांचा आवाज) वाढवतो, आणि चूक तिथेच होते. ट्रेबलच्या बटणाबरोबर २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टाही वर येतो, आणि कान सर्वांत तिखट असतो तो नेमका तिथेच. चमक येण्याऐवजी टोचणी येते.

उलट्या बाजूने जा. खालचा आवाज वरच्याला झाकतो, वरचा खालच्याला फारसा झाकत नाही. हा कानाचा स्वभाव आहे, आणि ऐकणं कमी झालं की तो जास्त जाणवतो. म्हणून ट्रेबल न वाढवता खालचा गाळ उपसा. वाद्यात इक्वलायझर, म्हणजे आवाजाचे उंच-खालचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय, असेल तर २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा २-३ डेसिबलने कमी करा. १०० हर्ट्झखालचा पट्टा तसाच ठेवा किंवा एक-दोन डेसिबल उतरवा. तो वाढवण्यात अर्थ नाही: वाद्यातले छोटे स्पीकर २७-३० हर्ट्झचा मूळ सूर काढूच शकत नाहीत, आपला मेंदू उपस्वरांवरून तो जुळवून घेतो, आणि वाढवलेल्या बेसने फक्त पेटी थरथरते. एवढं केल्यावर उजवीकडचे सूर मोकळे झालेले ऐकू येतील. तरीही टोचत असतील तर २५०० ते ३५०० हर्ट्झचा पट्टा २ डेसिबलने उतरवा. त्यानंतरही चमक कमी वाटली तरच ६ हजार हर्ट्झच्या वरचा पट्टा २-३ डेसिबल चढवा. कोणताही पट्टा ६ डेसिबलपेक्षा जास्त हलवावा लागत असेल तर वाद्यात किंवा जागेत काहीतरी राहून गेलं आहे, मागे जाऊन पाहा.

हेडफोनमध्ये वेगळं वाद्य का वाटतं, हेही यातूनच कळेल. तिथे खोली नाही, म्हणून घुमणं नाही. शिवाय पियानोचा आवाज दोन भागांत येतो: खालचे सूर डाव्या कानाकडे झुकलेले, वरचे उजव्याकडे. उजवा कान डाव्यापेक्षा अधू असेल तर सगळा वरचा पट्टा त्याच्याच वाट्याला जातो. याची साधी परीक्षा आहे. हेडफोन उलटे घाला, डावा उजवीकडे. खालपासून वरपर्यंत एकाच जोराने वाजवत जा. अधू वाटणारी जागा आता खालच्या सुरांकडे गेली, तर दोष कानाचा आहे. जागा बदलली नाही, तर दोष वाद्याचा किंवा हेडफोनचा असू शकतो, किंवा दोन्ही कान वरच्या सुरांना सारखेच कमी पडत असतील. कानाचा निघाला तर स्टिरिओ रुंदी, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजातला फरक, कमी करण्याची सोय शोधा, किंवा सरळ स्पीकरवर वाजवा. दोन्ही बाजू एकत्र करणारी मोनो जोडणी लावण्याचा मोह टाळा: दोन्हीकडची ध्वनिमुद्रणं एकमेकांत मिसळताना काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पातळ, पोकळ होतो.

उघड्या पाठीचे, पूर्ण कान झाकणारे, ३२ ते ८० ओहमचे (हा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) हेडफोन पियानोसाठी बरे पडतात. २५०-३०० ओहमचे महागडे हेडफोन वाद्याच्या जॅकवर अनेकदा दबलेले वाजतात. जोडणी ६.३ मिलिमीटरच्या अॅडाप्टरने केली असेल तर तो पूर्ण आत गेलाय ना ते पाहा. अर्धवट बसलेल्या जॅकमधून मधला आवाज गायब होऊन विहिरीतून आल्यासारखा सूर येतो, आणि लोक ते मेनूत शोधत बसतात. ब्लूटूथ हेडफोन वाजवण्यासाठी वापरू नका. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो, साध्या जोडणीत हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त असू शकतो, आणि हात अडखळतात.

श्रवणयंत्राबद्दल. ते काढून ठेवणं हा तात्पुरता तोडगा आहे, आणि यंत्र मुकाट सोसण्याचीही गरज नाही. यंत्र बोलणं समजावं यासाठी जुळवलेलं असतं. कानात शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक यंत्रणा असते. लांबलेला शुद्ध सूर तिला शिट्टीच वाटतो, ती तो कापायला जाते आणि सूर थरथरतो. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा. त्यांना नेमकं असं सांगा: शिट्टी रोखणारी यंत्रणा बंद किंवा सर्वांत मंद हवी, गोंगाट कमी करणारी सोय बंद, एकाच दिशेने ऐकणं बंद, आणि आवाजाचं आकुंचन, म्हणजे हळू आवाज उचलून मोठे दाबणं, बोलण्याच्या प्रोग्रॅमपेक्षा सौम्य. पियानो तिथे नेता आला नाही तरी फोनवर स्वतःच्या वादनाचं रेकॉर्डिंग न्या. जोरातल्या सुरांवर फाटल्यासारखा आवाज येत असेल तर पियानोचा व्हॉल्यूम कमी करून यंत्राचा वाढवून पाहा. यंत्राच्या माइकला झेपेल त्यापेक्षा मोठा आवाज आत शिरत असतो, आणि तिथे फाटलेला सूर पुढे कशानेच सांधला जात नाही. वर सांगितलेला इक्वलायझर यंत्र लावून एकदा आणि न लावता एकदा, असा वेगवेगळा ठरवा. दोन्ही आकडे वहीत हवेत.

एकच पट्टी दोन कानांना वेगवेगळ्या उंचीची वाटते का, हेही हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून पाहा. वाटत असेल तर ट्यूनिंगच्या मेनूत हात घालू नका. मधल्या सीच्या वरचा ए ४४० हर्ट्झवरच ठेवा आणि हे ऑडिओलॉजिस्टला सांगा. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत खूप कमी झालं, तर वाट न पाहता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. त्यात उशीर महागात पडतो.

किती मोठ्याने किती वेळ, याचा हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही कामाच्या ठिकाणची नेहमीची मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. जागतिक आरोग्य संघटना ऐकण्यासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, तुमच्यासाठी तीच धरा. फोनमधलं मोजणारं ॲप बाकावर डोक्याच्या उंचीला धरून अंदाज येतो. हेडफोनच्या आतलं त्याने मोजता येत नाही, म्हणून तिथे वाजवून झाल्यावर कानात गुणगुण राहते का याकडे लक्ष ठेवा. राहिली तर दुसऱ्या दिवशी व्हॉल्यूम कमी.

एक शक्यता उरते. सगळं जुळवल्यावरही एकच पट्टी दरवेळी भसकन मोठी वाजत असेल, किंवा कधी वाजते कधी नाही असं होत असेल, तर ती सेटिंगची बाब नाही. त्या पट्टीखालच्या रबरी संपर्कात धूळ गेलेली असते, वाद्याला वेग चुकीचा कळतो. काही वाद्यांत एकेका पट्टीचा आवाज कमी करता येतो, त्याने काही दिवस निभेल, पण खरा उपाय म्हणजे तंत्रज्ञाकडून संपर्क साफ करून घेणं. आठ महिन्यांच्या वाद्यावर हे बहुधा वॉरंटीत बसेल. आधी तिथे विचारा, स्वतः पेटी उघडू नका.

शेवटी साठवणं. बरीच वाद्यं काही वेळ हात लागला नाही की आपोआप बंद होतात, यामाहात सहसा ३० मिनिटांनी, आणि न साठवलेले बदल त्याबरोबर जातात. तुमची सेटिंगं टिकली नसतील तर कारण हेच असण्याची शक्यता आहे. मेनूत 'बॅकअप', 'स्टार्टअप सेटिंग' किंवा 'रजिस्ट्रेशन' यांपैकी काहीतरी असेल. एक जागा स्पीकरसाठी, दुसरी हेडफोनसाठी, तिसरी श्रवणयंत्र लावून वाजवण्यासाठी ठेवा. यंत्राचा नवा प्रोग्रॅम मिळाला की तिसरी जागा पुन्हा कोऱ्यापासून ठरवावी लागेल. पहिल्या दोन तशाच राहू द्या.